तिथीचे कंद, ऋतूचे कंद

दिवाळी आटोपते, तुळशीची लग्नं लागू लागतात आणि पालघर-वसईपासून सावंतवाडी-म्हापशापर्यंतच्या बाजारांत जमिनीवर एक वेगळाच माल मांडलेला दिसतो. गाठीगाठींचे करांदे, केसाळ सालीची कणगी, बोटं फुटल्यासारखं वेडंवाकडं कोनफळ, सुरणाचे गड्डे, अळकुड्या, मातीने माखलेली रताळी. विकायला बसलेल्या बहुतेक बायका असतात आणि टोपलीतला माल त्यांच्याच परसातला, बांधावरचा किंवा रानातला असतो. माघ संपेपर्यंत यातल्या बऱ्याच जिनसा दिसेनाशा होतात. शहरातल्या मंडईत मात्र कंदांचं वेळापत्रक निराळं असतं. तिथे रताळ्याला आणि सुरणाला उठाव येतो तो आषाढीला, श्रावणात, नवरात्रात आणि महाशिवरात्रीला. बाकीच्या दिवशी बटाटा सोडला तर कंदांकडे कुणी वळून पाहत नाही. थोडक्यात, महाराष्ट्रातला मोठा वर्ग कंद खातो ते तिथी पाहून. माझं म्हणणं असं, की कंदाची खरी चव ऋतूशी बांधलेली असते, तो ऋतू कार्तिक ते माघ हा आहे, आणि तिथीच्या सवयीने आपण त्या चवीला तर मुकलोच, शिवाय ज्यांच्यामुळे ती शिल्लक आहे त्या पिकांनाही वाऱ्यावर सोडलं.

हे म्हणणं नुसत्या आवडीनिवडीचं नाही. कंद म्हणजे झाडाने पुढच्या वर्षासाठी केलेली बेगमी. सुरण, कोनफळ, कणगी, करांदा यांची लागवड अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे, पावसाच्या आधी होते. पहिल्या सरींबरोबर कोंब वर येतो, वेल मांडवावर किंवा झाडावर चढतो, आणि सगळा पावसाळाभर पानं जे पिष्ट तयार करतात त्यातला मोठा भाग वेलाच्या वाढीत जातो. पाऊस ओसरला, ऊन स्वच्छ झालं, रात्री गार पडू लागल्या की कारभार उलटतो. पानं पिवळी पडतात, सुरणाचा छत्रीसारखा दांडा आडवा होतो, वेल सुकतो, आणि वर होतं-नव्हतं ते सगळं खाली कंदात उतरतं. कोकणातला शेतकरी वेल वाळल्याखेरीज कोनफळाला हात लावत नाही, कारण त्याआधी काढलेला कंद पाणचट निघतो आणि शिजवल्यावर गिळगिळीत लागतो. वेल वाळल्यावर काढलेलाच कंद पिठूळ, दाट आणि भरल्या चवीचा असतो. ही स्थितीही कायम टिकत नाही. काही महिने कंद निद्रेत असतो, मग उन्हाळ्याच्या तोंडी त्याच्या डोळ्यांत जीव येतो, साठवलेलं अन्न कोंबाकडे वळतं आणि गर पोकळ, तंतुमय होऊ लागतो. आंब्याचा मोसम चुकला तर आपण हळहळतो. कंदांनाही तसाच मोसम आहे, पण तो जमिनीखाली असल्यामुळे आपल्या ध्यानातच येत नाही.

रताळ्याचं गणित थोडं वेगळं आहे. ते चार महिन्यांच्या आसपास तयार होतं आणि पाण्याची सोय असेल तर वर्षात कधीही लावता येतं, म्हणून तर ते आषाढीला मिळू शकतं. तरीही बेळगाव-खानापूरच्या लाल मातीत पावसाळ्यात लावलेली रताळी नवरात्रापासून पुढे निघतात तेव्हाच त्यांची खरी परीक्षा होते. ताजं उपटलेलं रताळं फारसं गोड नसतं. काढणीनंतर काही दिवस ते उबदार, हवेशीर जागी पडून राहिलं की त्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते, सालीवरच्या जखमा भरतात आणि ते टिकाऊ होतं. दुसरी गोडी येते ती चुलीवर. रताळ्यात पिष्टाचं माल्टोज या साखरेत रूपांतर करणारं एक विकर असतं. पिष्ट फुलू लागल्यापासून ते विकर उष्णतेने निकामी होईपर्यंत जो अवधी मिळतो तेवढ्यात हे काम होतं. म्हणून रखरखीत आचेवर झटपट शिजवलेलं रताळं बेताचं गोड लागतं आणि गरम राखेत सावकाश भाजलेल्या रताळ्यातून पाक गळतो. ज्या घरी चूल नाही तिथे जाड बुडाच्या भांड्यात झाकण ठेवून, पाणी न घालता मंद आचेवर भाजलं तरी बराच फरक पडतो. एक गोष्ट मात्र करू नये: कच्चं रताळं फ्रिजमध्ये ठेवू नये. बारा-तेरा अंशांखालच्या थंडीने त्याच्या गराला इजा होते, आतला भाग कितीही शिजवला तरी दडदडीत राहतो, आणि मग दोष रताळ्यावर जातो.

तिथीचा मुद्दा इथे उकलून सांगायला हवा, कारण उपासाच्या परंपरेला कमी लेखण्याचा हेतू नाही. उलट कंदांची आठवण आपल्याकडे टिकली ती व्रतांमुळे. भाद्रपदातल्या ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं खायचं नाही असा दंडक आहे, आणि त्या दिवशीच्या भाजीत अळू, अळकुड्या, सुरण, भोपळा, भेंडी असं परसातलं, हाताने पिकवलेलं अन्न येतं. नांगराच्या आधीची शेती कशी होती याचं इतकं स्पष्ट स्मरण दुसऱ्या कुठल्या सणात क्वचितच सापडेल. पण व्रताने जिन्नस जपली आणि वेळ सोडून दिली. भाद्रपदात सुरणाची पानं अजून हिरवीगार असतात आणि गड्डा भरायचा असतो. आषाढात तर तो नुकता रुजलेला असतो, त्यामुळे त्या दिवसांत मिळतो तो बहुधा साठवणीतला. मोठ्या एकादश्यांत कार्तिकी ही एकच अशी, की तिथी आणि ऋतू एका जागी येतात. त्या दिवशी पंढरीच्या वाटेवर किंवा घरात जे रताळं खाल्लं जातं ते वर्षातलं सर्वांत चांगलं असण्याचा संभव असतो. आणि नेमकं त्याच दिवसानंतर, चातुर्मास सुटला म्हणून, वांगी आणि कांदा परत येतात आणि कंद मागे पडतात. ऐन बहरात त्यांना रजा मिळते.

दुसरीकडे उपासाच्या ताटातली मुख्य जागा साबुदाण्याने घेतली आहे. तोही मुळात कंदच. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या टॅपिओकाच्या, म्हणजे कसाव्याच्या मुळांतलं पिष्ट धुऊन, गोळ्या करून, भाजून-वाळवून तो तयार होतो, आणि आपल्याकडचा बहुतांश साबुदाणा तामिळनाडूतल्या सेलम परिसरातून येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी आवक थांबल्यावर तिथे हा धंदा वाढला. या प्रक्रियेत कंदाचं कंदपण उरत नाही, उरतं फक्त पिष्ट. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यातून साडेतीनशेच्या आसपास कॅलरी मिळतात, तेवढ्याच कच्च्या रताळ्यातून पंचाऐंशी-नव्वद. साबुदाणा भिजून वजनाने वाढतो हे धरलं तरी त्यात प्रथिनं आणि तंतू जवळपास नसतातच, रताळ्यात तंतू असतात, पोटॅशियम असतं, आणि केशरी गराच्या जातीत ‘अ’ जीवनसत्त्वाचा कच्चा माल भरपूर असतो. या केशरी रताळ्यावर आफ्रिकेत केलेल्या कामासाठी मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो यांना, हॉवर्थ बुइस यांच्यासह, २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने ‘भू सोना’ ही तशी जात आपल्यासाठी काढली आहे. महाराष्ट्राच्या मंडईत मात्र अजून पांढऱ्या गराचंच रताळं चालतं.

ऋतूप्रमाणे खाणारे लोक आहेत, आणि त्यांच्या पाककृतीच माझ्या म्हणण्याचा मुख्य पुरावा. रायगड जिल्ह्यात हिवाळा सुरू झाला की पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा आणि जाडं मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये बटाटे, रताळी, करांदे, कुणाच्या पोपटीत अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती पेंढा-पालापाचोळ्याचा जाळ. पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगांचा आणि पाल्याचा ओलावाच वाफेचं काम करतो. यातली प्रत्येक जिन्नस त्याच आठवड्यांत शेतात तयार असते. वालाच्या शेंगा नसताना पोपटी नाही, आणि थंडीत उगवणारा भांबुर्डा नसताना तर नाहीच. गोव्याचं खतखतं सणासुदीला कधीही होतं, पण हिवाळ्यातल्या खतखत्याची गोष्ट वेगळी, कारण तेव्हा सुरण, माडी, काटेकणंग, रताळं, मुळा असे कंद आणि मुळं एकदम हाती येतात. तूरडाळ, ओला नारळ, तिरफळं आणि सोलांचा आंबटपणा यांत हे सगळे कंद शिजतात, तरी प्रत्येकाचा पोत वेगळा राहतो: माडी बुळबुळीत, सुरण भरीव, कणंग खुसखुशीत पिठूळ. एकाच वाडग्यात कंदांमधला हा फरक जिभेला समजावणारा दुसरा पदार्थ मला माहीत नाही. सुरतेकडे जांभळ्या कोनफळाच्या चकत्या बेसनात बुडवून, वर भरडलेले धणे-मिरे चिकटवून तळतात, ती कंदपुरी आणि उंधियूही याच दिवसांतले. आणि सर्वांत साधी कृती करांद्याची: मिठाच्या पाण्यात उकडायचे, साल काढायची, खायचे. कडवट, मग किंचित गोड. पहिल्या घासाला ही चव पटत नाही, तिसऱ्या-चौथ्या घासाला ती कळू लागते. कंदांमध्ये इतकी स्वतःची चव असलेला दुसरा नाही.

आता आक्षेप. पहिला घरोघरचा: खाज. सुरण, अळकुडी, माडी यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते त्वचेला व घशाला टोचतात. हा दोष खरा आहे, पण त्यावरचे उपाय पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले आहेत. हाताला तेल चोळून चिरायचं, फोडी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायचं, पुरेसं शिजवायचं. काढल्यावर काही आठवडे कोरड्या जागी ठेवलेला सुरण कमी खाजतो असा स्वयंपाक करणाऱ्यांचा अनुभव आहे, आणि ‘गजेंद्र’सारख्या लागवडीच्या जाती तर मुळातच सौम्य आहेत. पालघर-ठाण्याच्या आदिवासींनी यापेक्षा कितीतरी अवघड काम साधलं आहे. रानातला कडूकंद तसाच खाल्ला तर अपाय करतो. त्याच्या पातळ चकत्या करून, राखेबरोबर उकडून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून ते त्याचं अन्न करतात. हे ज्ञान पुस्तकातून आलेलं नाही, आणि चुकीला तिथे क्षमा नव्हती. ज्यांच्या हाताशी मंडईतला सौम्य सुरण आणि आमसुलं आहेत त्यांनी खाजेची सबब सांगावी हे पटत नाही. वेळ लागतो, हे मान्य. पण सुरणाच्या उकडलेल्या कापांना तिखट-मीठ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर तेलात परतायला बटाट्याच्या भाजीपेक्षा फार तर पाव तास जास्त लागतो.

दुसरा आक्षेप प्रकृतीचा, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. मधुमेह घरोघरी पोचलेला असताना पिष्टाचे कंद खा म्हणून सांगायचं का? कंद हे पोळी-भाताच्या जागी खायचे असतात, त्यांच्यावर वाढून घ्यायचे नसतात. आपली चूक तिथेच होते: उपासाला कंद मुख्य अन्न असतो, इतर दिवशी तो भाजी म्हणून पोळी-भाताबरोबर येतो, आणि पिष्टावर पिष्ट पडतं. शिजवण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. भाजलेलं रताळं रक्तातली साखर लवकर चढवतं, उकडलेलं त्या मानाने सावकाश, आणि वर सांगितलेली माल्टोजची गोडी हे त्याचं एक कारण असावं. म्हणजे जिभेला जे अधिक आवडतं तेच मधुमेह्याला अधिक जपून खायला हवं. ही अडचण मी लपवणार नाही. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी सुरण-अळकुडीपासून दूर राहावं हा सल्लाही रास्त आहे. बाकीच्यांना आयुर्वेदाची ऋतुचर्या आठवेल: हेमंतात अग्नी प्रबळ असतो, म्हणून जड अन्न पचतं, असं चरक आणि वाग्भट दोघांनीही म्हटलं आहे. भावप्रकाशात कंदशाकांमध्ये सुरणाला पहिला मान आहे. जैन परंपरेत कंदमुळं वर्ज्य आहेत, ती जीवहिंसेच्या विचारातून. त्या नियमाशी वाद घालण्याचं इथे कारण नाही.

खरा कठीण आक्षेप तिसरा. कंद हे भुकेचं अन्न होतं, आणि ज्याच्या आजीने नाइलाजाने रानातले कंद उकरून पोरं जगवली त्याला शहरातल्या लेखकाने त्यांची गोडी सांगू नये. १८८० च्या दशकात निघालेल्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या गॅझेटियरांत कातकरी-ठाकरांच्या वर्णनात रानकंदांवर गुजराण करण्याचा उल्लेख येतो, आणि त्या मजकुराचा सूर दारिद्र्याच्या नोंदीचाच आहे. हा इतिहास खोटा नाही. हातात तांदूळ आल्यावर माणसाने कंद टाकले यात त्याचा कमीपणाही नाही. पण नाइलाजाने खाल्लं म्हणून अन्न हलकं ठरत नाही. नाचणीला आणि बाजरीला हीच वागणूक मिळाली होती. आज त्या पिठांना दुकानात मान आहे, आणि ज्यांनी ती पिकं जपली त्यांना त्यातलं फार थोडं मिळालं. म्हणून कंदांची गोडी सांगताना पैशाचाही हिशोब मांडायला हवा. कार्तिकात टोपली घेऊन बसलेल्या बाईकडचे करांदे भाव पाडून घेतले तर ऋतूचं कौतुक पोकळ ठरतं. कणगी खणून काढायला जो वेळ लागतो, एकेका वेलाखालची माती हाताने बाजूला करावी लागते, त्याची मजुरी त्या भावात बसली पाहिजे.

आणि पिकवणाऱ्याची अडचण निव्वळ भावाची नाही. कोकणात रानडुकरं आणि साळिंदरं एका रात्रीत कंदाचा वाफा उकरून टाकतात. ज्यांच्या नारळी-पोफळीवर माकडांनी आधीच हात मारलेला आहे त्यांना कंद लावा म्हणताना कुंपणाचं काय, हे सांगावं लागतं, आणि त्याचं सोपं उत्तर कुणाकडे नाही. सुरणाला तर जुन्या पद्धतीत छोट्या पिलकांपासून मोठा गड्डा व्हायला तीन-चार पावसाळे लागतात. डोळा असलेला अर्धा-पाऊण किलोचा तुकडा लावला तर एका हंगामात विकण्याजोगा गड्डा मिळतो, पण मग बेण्यासाठीच बराच माल खर्ची पडतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने यावर काम केलं आहे. कोनफळाची ‘कोकण घोरकंद’, कणगीची ‘कोकण कांचन’, करांद्याची ‘कोकण कालिका’, रताळ्याची ‘कोकण अश्विनी’ या तिथल्याच जाती. संशोधनाची उणीव आहे असं मला वाटत नाही. उणीव आहे ती कार्तिक ते माघ ठरावीक मागणी असणाऱ्या गिऱ्हाइकाची.

गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या उत्तर कन्नडच्या जोयडा तालुक्यात ही मागणी उभी करण्याचा एक प्रयत्न दिसतो. तिथले कोंकणी बोलणारे कुणबी शेतकरी हिवाळ्यात कंदांचा मेळा भरवतात. मुडली, कोनं, कणगी यांचे अनेक वाण एकाच मांडवात विकायला येतात आणि लोक नाव विचारून विकत घेतात. हे नाव विचारणं फार मोलाचं आहे, कारण कंदपिकांचं बी कोठारात साठवता येत नाही. धान्याच्या वाणाचे मूठभर दाणे डब्यात काही वर्षं राहू शकतात, पण कोनफळाचा वाण टिकतो तो दरवर्षी त्याच्या कंदाचा तुकडा मातीत गेला तरच. एक-दोन वर्षं कुणी तो लावला नाही तर त्या गावातून तो कायमचा गेला. शेतकरी लावतो तेवढंच, जेवढं खपतं किंवा घरी खाल्लं जातं. म्हणून कार्तिक ते माघ या महिन्यांत कोण काय विकत घेतो यावर वैशाखात काय लावलं जाईल ते ठरतं. मंडईत सुरण आणि रताळं मिळेलच. कोनफळ मागावं लागेल, करांदे शोधावे लागतील आणि कणगीसाठी बहुधा विक्रेत्याला आठवडाभर आधी सांगून ठेवावं लागेल.